फुजिमी-चोचं घर आणि सॅटोसाहेब

१८६४ च्या शरद ऋतूत शिमोनोसेकीत एक जेवण झालं. यजमान इतो शुन्सुके, जेमतेम तेवीस वर्षांचा चोशू संस्थानचा सामुराई. पाहुणा अर्नेस्ट सॅटो, एकवीस वर्षांचा इंग्रज दुभाषी. महिन्याभरापूर्वीच ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड आणि अमेरिका यांच्या सतरा जहाजांनी याच सामुद्रधुनीतले चोशूचे तोफखाने उद्ध्वस्त केले होते आणि हा पाहुणा तेव्हा ब्रिटिश अॅडमिरल कूपरच्या शेजारी उभा होता. तरी इतोने हौसेने बेत केला होता विलायती पद्धतीचा. टेबल, त्यावर कापड, सुरी, चमचे, सगळं जमवलेलं. फक्त सुरीला धार नव्हती. पहिला मासा कापतानाच सॅटोच्या नाकी नऊ आले. भाजलेली ईल आणि कासवाचं कालवण बरं जमलं होतं, पण शिंपल्यातला आवाबी आणि उकडलेली कोंबडी दाताला दाद देईनात. शेवटी आलेली, तांदळाच्या गोड मद्यात मुरवलेली कच्ची पर्सिमॉन मात्र फर्मास होती. जपानच्या या भागात विलायती पद्धतीचं जेवण बहुधा पहिल्यांदाच होत होतं.

या इतोला पुढे जग इतो हिरोबुमी म्हणून ओळखू लागलं. तो जपानचा पहिला पंतप्रधान झाला. वर्षभरापूर्वी तो चोरून लंडनला गेला होता आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत होता. आपल्या संस्थानावर पाश्चात्त्य आरमार चालून जाणार हे कळताच मित्र इनोउएसह परतला आणि युद्ध टाळायची धडपड करत राहिला. ती फळाला आली नाही. सॅटोही त्याच कॉलेजचा. परदेशगमनाला मृत्युदंड असलेल्या देशातून लपून लंडन गाठणारा एक, आणि लंडन सोडून जपान गाठायची ओढ लागलेला दुसरा. दोघांचं जमलं यात नवल नाही.

सॅटोला ही ओढ लागली ती एका पुस्तकाने. घरी वाचनालयातून लॉरेन्स ऑलिफंटचं चीन-जपान प्रवासाचं पुस्तक आलं, पोराने ते वाचलं आणि वेड घेतलं. बाप बाल्टिक किनाऱ्यावरच्या विस्मारहून लंडनला येऊन स्थिरावलेला व्यापारी, पंथाने ल्युथरन. ऑक्सफर्ड-केंब्रिजची वाट अशा घरातल्या मुलांना त्या काळी सहज उघडी नव्हती. १८६१ मध्ये परराष्ट्र खात्याने पूर्वेकडच्या दुभाषी-उमेदवारांसाठी परीक्षा घेतली, त्यात अठरा वर्षांचा सॅटो पहिला आला. ही नोकरी राजदूताची नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवं. राजदूत होत ते सरदार-घराण्यांतले. दुभाषी आणि वकिलातीतले कारकून ही खालची पंगत. या पंगतीतून वरच्या पंगतीत जाऊन बसणारे फार थोडे. सॅटो गेला, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे पुढे येईलच.

चीनमध्ये काही महिने चिनी लिपी गिरवून ८ सप्टेंबर १८६२ रोजी तो योकोहामाला उतरला. सहाव्या दिवशी जवळच्या नामामुगी गावात सात्सुमा संस्थानच्या मिरवणुकीला वाट न दिल्यावरून रिचर्डसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याची खांडोळी झाली. परक्यांना हुसकून लावा, ही आरोळी तेव्हा देशभर घुमत होती. योकोहामाच्या वसाहतीतली माणसं उशाशी पिस्तूल ठेवून झोपत. तिच्या रक्षणासाठी पुढे जी फौज आली तिच्यात आपल्याकडच्या मुंबई लष्करातल्या बलुच पलटणीच्याही तुकड्या होत्या. एका साम्राज्याचं हाताशी राखून ठेवलेलं मनुष्यबळ कुठे कुठे पोचत होतं, याचा हा एक पुरावा.

अशा गावात सॅटो भाषा शिकत होता. धड शब्दकोश नाही, व्याकरण नाही. अमेरिकन मिशनरी ब्राउनचं संभाषणाचं पुस्तक छापखान्यात होतं. त्याच्याकडे आठवड्याला दोन धडे. वाकायामाचा ताकाओका नावाचा वैद्य जपानी शिक्षक म्हणून मिळाला. दुभाषी व्हायला पाठवलेल्या पोरांना वकिलातीचे वरिष्ठ नक्कल करायला बसवत. त्यांच्याशी भांडून सकाळचा वेळ अभ्यासासाठी सोडवून घ्यावा लागला. सॅटो बोलीवर थांबला नाही. कुंचल्याने पत्र लिहिण्याचं वळण त्याने शिक्षक ठेवून घोटलं. सरकारी पत्रव्यवहार ज्या शैलीत चाले ती वाचणारे परदेशी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यांत तो आला. त्याचं आडनावही जपानी कानाला ‘सातो’ असं घरचंच वाटे, आणि त्याने या योगायोगाचा बिनदिक्कत फायदा घेतला.

रिचर्डसनच्या खुनाचा वचपा काढायला ऑगस्ट १८६३ मध्ये ब्रिटिश जहाजं सात्सुमाच्या कागोशिमा बंदरात घुसली. सॅटो ‘आर्गस’ जहाजावर होता. शोगुनच्या, म्हणजे देशाचा कारभार पाहणाऱ्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारने भरपाईचे १,००,००० पौंड आधीच मोजले होते. सात्सुमाकडून २५,००० पौंड हवे होते. तोफा धडाडल्या, शहराचा मोठा भाग जळाला, ब्रिटिशांच्या प्रमुख जहाजावरचा कप्तान आणि त्याचा दुय्यम एकाच गोळ्याने ठार झाले. दोन्ही बाजूंना समोरच्याचं पाणी कळलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत सात्सुमाचे तरुण लंडनला शिकायला गेले आणि सात्सुमा-ब्रिटन मैत्री जमली. मार खाल्लेला आणि मारणारा असे गळ्यात गळे घालतात तेव्हा मला नेहमी संशय येतो, पण इथे दोघांचाही हिशेब रोखठोक होता. सात्सुमाला आरमार हवं होतं, ब्रिटनला व्यापार.

१८६५ मध्ये सर हॅरी पार्क्स ब्रिटनचा वकील म्हणून आला. कामाला वाघ, तोंडाने तिखट. जपानी मंत्र्यांसमोर टेबलावर मुठी आपटणारा. त्याच्या हाताखाली असतानाच सॅटोने आयुष्यातला सर्वांत मोठा आगाऊपणा केला. योकोहामाच्या ‘जपान टाइम्स’ या इंग्रजी पत्रात १८६६ मध्ये त्याने नाव न घालता लेख लिहिले. मुद्दा असा, की शोगुन हा सगळ्या जपानचा राजा नव्हे; तो अनेक संस्थानिकांतला मोठा संस्थानिक. त्याच्याशी केलेले करार अपुरे आहेत, करार व्हायला हवेत ते सम्राट आणि संस्थानिक यांच्या संघाशी. आवा संस्थानच्या नुमाता तोरासाबुरोच्या मदतीने त्याने याचं जपानी भाषांतर केलं, ते हातोहात फिरलं आणि ‘एइकोकु साकुरोन’, म्हणजे ब्रिटिश धोरणाचा विचार, अशा नावाने ओसाका-क्योतोच्या पुस्तकांच्या दुकानांत विकलं जाऊ लागलं. तेविशीतल्या दुभाष्याचं खासगी मत जपानी वाचकाला ब्रिटिश सरकारचं धोरण वाटलं. शोगुनशाही उलथवू पाहणाऱ्या सात्सुमा-चोशूवाल्यांना आणखी काय हवं? फ्रेंच वकील रोश शोगुनच्या पाठीशी. तेव्हा इंग्रज आपल्या पाठीशी, असं ते धरून चालले. वास्तविक ब्रिटनची अधिकृत भूमिका तटस्थतेची होती. आज एखाद्या वकिलातीतल्या कनिष्ठाने असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं विमानाचं तिकीट काढतील.

पुढची दोन वर्षं हा माणूस जणू एकाच वेळी सगळीकडे होता. ह्योगोच्या बंदरात एक धिप्पाड सामुराई आधी टोपणनावाने भेटला होता. तोच सात्सुमाचा साइगो ताकामोरी. बोलायला मंद, पण डोळे असे की सॅटो ते विसरला नाही. शोगुनच्या गोटातला कात्सु काइशू त्याला एदोत, म्हणजे पुढच्या तोक्योत, आतल्या खबरा देई. खुद्द शेवटच्या शोगुनची, योशिनोबूची, ओसाकात भेट झाली. चित्रकार चार्ल्स विर्गमनबरोबर ओसाकाहून एदोपर्यंत खुष्कीने प्रवास केला, तेव्हा काकेगावाच्या सराईत मध्यरात्री तलवारी घेऊन माणसं चालून आली. आइझूचा नोगुची तोमिझो हा सॅटोचा इमानी सोबती दारात उभा राहिला म्हणून निभावलं.

मार्च १८६८ मधल्या एका रात्री ह्योगोच्या देवळात ताकी झेनझाबुरो या बिझेन संस्थानच्या अधिकाऱ्याने सेप्पुकु, म्हणजे पोट चिरून विधिपूर्वक आत्महत्या, केलं. कोबेत परदेशी लोकांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम त्याने दिला होता, म्हणून ही शिक्षा. परदेशी साक्षीदारांमध्ये सॅटो आणि त्याचा मित्र मिटफर्ड होते. मिटफर्डचं वर्णन जगभर गाजलं. सॅटोने नंतर लिहिलं ते जास्त विचार करायला लावणारं आहे. हे किळसवाणं प्रदर्शन पाहायला ख्रिस्ती माणसं गेलीच कशी, अशी टीका झाली होती. त्यावर त्याचं म्हणणं, की हा अत्यंत सभ्य आणि गंभीर विधी होता, आणि न्यूगेट तुरुंगाबाहेर आपले देशबांधव फाशीचा जो तमाशा बघतात त्याहून कितीतरी आदरणीय. आपल्याच लोकांना आरसा दाखवायची ही सवय त्याच्या पदाला परवडणारी नव्हती, तरी ती गेली नाही.

शोगुनशाही कोसळली, सम्राट मेइजीच्या नावाने नवं राज्य आलं, आणि काल लपतछपत भेटणारी माणसं आज मंत्री झाली. फेब्रुवारी १८६९ मध्ये सॅटो रजेवर इंग्लंडला निघाला, नोगुचीला शिक्षणासाठी बरोबर घेऊन. ‘अ डिप्लोमॅट इन जपान’ हे त्याचं प्रसिद्ध आत्मकथन इथेच थांबतं. मेइजी क्रांतीवर लिहिणारा कोणीही या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. आणि ज्या घराबद्दल मला लिहायचं आहे ते या पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर सुरू होतं.

१८७० च्या अखेरीस तो तोक्योला परतला. त्यानंतर लवकरच ताकेदा काने त्याच्या आयुष्यात आली. ती १८५३ ची, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. लग्न कायद्याने कधी झालं नाही. १८८० मध्ये एइतारो आणि १८८३ मध्ये हिसायोशी ही मुलं झाली. दोघांनीही आईचं ताकेदा हे आडनाव लावलं. तोक्योच्या फुजिमी-चोत, ब्रिटिश वकिलातीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, त्यांचं घर होतं.

कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांनी ‘बीबी’ ठेवल्या आणि बदली होताच विसरले, त्याच माळेतला हा मणी म्हणावा का? मला तसं वाटत नाही, पण सॅटोला पूर्ण मोकळंही सोडवत नाही. तो विसरला नाही हे खरं. पैसे पाठवले, पत्रं लिहिली, तीही जपानीत, कुंचल्याच्या वळणाची. ती आज योकोहामाच्या इतिहास-अभिलेखागारात आहेत. रजा मिळाली की तो तोक्योला यायचा. पण पत्नी म्हणून कानेला त्याने समाजात कधी उभं केलं नाही. त्याचा जिवलग मित्र डॉक्टर विलिस याने कागोशिमात जपानी स्त्रीशी संसार मांडला होता. विलिसला मात्र परराष्ट्र खात्यात वर चढायचं नव्हतं. सॅटोला चढायचं होतं. व्यापाऱ्याचा पोर, दुभाष्यांच्या पंगतीतला, पाठीशी घराणं नाही. जपानी बायको असलेला माणूस ब्रिटनचा मंत्री-वकील म्हणून नेमला जाणार नाही, हे त्याला न सांगता कळत होतं. हा हिशेब त्याने केला आणि तो बरोबर ठरला. किंमत कानेने दिली.

सत्तरचं दशक मात्र त्याच्या अभ्यासाचं सोनेरी दशक. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटी ऑफ जपानमध्ये तो निबंध वाचू लागला. शिंतोच्या पुनरुज्जीवनावर, मोतोओरी नोरिनागासारख्या विद्वानांवर त्याने लिहिलं ते १८७४ मध्ये, जेव्हा पाश्चात्त्य जगात या धर्माविषयी फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. प्राचीन नोरितो प्रार्थनांचं भाषांतर केलं. इशिबाशी मासाकाताबरोबर बोलभाषेचा इंग्रजी-जपानी कोश १८७६ मध्ये काढला. जुन्या बाजारात फिरून जुनी छापील पुस्तकं गोळा केली. नवश्रीमंत जपान तेव्हा आपलंच जुनं रद्दीच्या भावात विकत होता. त्या संग्रहातली पुस्तकं आज ब्रिटिश लायब्ररीत आणि केंब्रिजच्या विद्यापीठात आहेत. जेझुइटांनी सोळाव्या शतकात जपानात चालवलेल्या छापखान्यावर त्याने पुढे १८८८ मध्ये ग्रंथ छापला, तो आजही संदर्भाला घ्यावा लागतो. आणि डोंगर! १८८१ मध्ये हॉज या मित्राबरोबर लिहिलेल्या जपानच्या प्रवास-मार्गदर्शकात घाटवाटा, देवळं, गरम पाण्याचे झरे यांची बैजवार माहिती आहे. ती पायांनी गोळा केलेली आहे हे पानोपानी जाणवतं.

याच दशकातली एक भेट विसरता येत नाही. फेब्रुवारी १८७७, कागोशिमा. सरकारशी बिनसून साइगो गावी परतला होता आणि त्याच्या शाळांतल्या पोरांनी दारूगोळ्याची कोठारं फोडली होती. सॅटो विलिसकडे उतरला होता. ११ तारखेला साइगो विलिसच्या घरी आला, बरोबर वीसेक शरीररक्षक. त्याने त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. काही जिन्यात, काही खोलीच्या दारापर्यंत आले. बोलणं किरकोळच झालं. दहा वर्षांपूर्वी ज्याच्याशी सॅटो देशाचं भवितव्य बोलला होता तो माणूस आपल्याच अनुयायांच्या पहाऱ्यात होता. बंड सुरू झालं आणि सप्टेंबरात साइगो गेला. बंडाचा पुढारी बंडाचा कितपत मालक होता, या प्रश्नावर इतिहासकार अजून खल करतात. त्यांच्या हाताशी सॅटोच्या रोजनिशीतली ही नोंद आहे.

१८८४ मध्ये बढती आली, बँकॉकची. मुलं चार आणि एक वर्षांची. पुढची अकरा वर्षं सयाम, उरुग्वे, मोरोक्को. तिथल्या कामाविषयी फार लिहिण्यासारखं नाही. जपानचा जाणकार माणूस मॉन्टेव्हिडिओत बसून गुरांच्या व्यापाराचे अहवाल वाचतो, हा नोकरशाहीचा जुना विनोद आहे. आत्मकथनाची सुरुवात त्याने बँकॉकमध्ये केली आणि अर्धवट ठेवून दिली.

जुलै १८९५ मध्ये तो तोक्योला ब्रिटनचा मंत्री-वकील, सर अर्नेस्ट होऊन आला. पंतप्रधान होता इतो. जपानने चीनला हरवलं होतं, आणि रशिया, जर्मनी, फ्रान्स यांनी दमदाटी करून जिंकलेला लियाओतुंग द्वीपकल्प परत करायला लावला होता. देश धुमसत होता. पाच वर्षं सॅटोने संयमाने काम केलं. परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालणार नाही, हा अपमानकारक करार १८९९ च्या जुलैत संपला. सही आधीच्या वकिलाच्या काळातली, पण अंमल निर्वेध व्हावा ही जबाबदारी सॅटोची होती. योकोहामाच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी कुरकुर केली. त्याने ती मनावर घेतली नाही.

१८९६ मध्ये निक्कोच्या वर, चुझेन्जी सरोवराच्या काठी त्याने लाकडी घर बांधलं. १८९८ मध्ये वकिलातीसमोरच्या रस्त्यावर चेरीची झाडं लावून ती तोक्यो शहराला दिली. आणि आल्यापासूनच तो वकिलातीतून फुजिमी-चोला जाऊ लागला होता. काने तेव्हा चाळिशी ओलांडलेली, एइतारो पंधरा वर्षांचा, हिसायोशी बारा. सरकारी मेजवान्यांना अविवाहित मंत्रिमहोदय, आणि दोन गल्ल्या ओलांडल्या की बाप. या दुहेरी संसाराची वकिलातीत सगळ्यांना कल्पना असणार. कोणी बोलत नव्हतं. व्हिक्टोरियन सभ्यतेची हीच तर खुबी होती.

१९०० मध्ये त्याला पेकिंगला पाठवलं. बॉक्सर बंडानंतरचा १९०१ चा तह त्याने ब्रिटनतर्फे केला. १९०६ मध्ये निवृत्त होऊन तो डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी या लहान गावात राहिला. जपानला नाही. तोक्योत जाऊन कानेबरोबर म्हातारपण काढायला आता नोकरीची अडचण नव्हती. तरी तो गेला नाही. इथे माझी त्याच्याबद्दलची सहानुभूती संपते. नोकरीसाठी लपवलं हे समजू शकतं. नोकरी संपल्यावरही तो तेवीस वर्षं जगला.

एइतारो अमेरिकेत कोलोरॅडोला गेला आणि १९२६ मध्ये बापाच्या आधी तिथेच वारला. धाकट्या हिसायोशीने बापाचे डोंगर आणि झाडं घेतली. १९०५ मध्ये बावीस वर्षांचा असताना जपानी अल्पाइन क्लबच्या संस्थापकांत तो होता. त्याच वर्षी तो ओझेच्या पाणथळ पठारावर पोचला आणि पुढे त्याच्या वनस्पतींवर लिहीत राहिला. १९१० च्या सुमारास वनस्पतिशास्त्र शिकायला इंग्लंडला आला, क्यू बागेत काम केलं, आणि ऑटरीला वडिलांकडे जाऊ लागला. मुलगा म्हणून त्या गावात त्याची ओळख कशी करून दिली जात असेल, हा प्रश्न मला पडतो.

म्हातारपणी सॅटोने दोन पुस्तकं पुरी केली. १९१७ मध्ये ‘अ गाइड टू डिप्लोमॅटिक प्रॅक्टिस’. त्याच्या सुधारित आवृत्त्या जगभरच्या परराष्ट्र खात्यांत आजही वापरात आहेत. आणि १९२१ मध्ये ते आत्मकथन. युद्धपूर्व जपानात सामान्य वाचकाला त्याचं पूर्ण भाषांतर मिळत नव्हतं. सम्राटाच्या नावाने झालेल्या क्रांतीमागचे सौदे इतक्या मोकळेपणी वाचणं तेव्हाच्या राज्यकर्त्यांना मानवणारं नव्हतं. इवानामी प्रकाशनाची आवृत्ती १९६० मध्ये आली. नंतर हागिहारा नोबुतोशी यांनी सॅटोच्या रोजनिशीवरून ‘आसाही शिंबुन’मध्ये वर्षानुवर्षं लेखमाला लिहिली, तिचे चौदा खंड झाले. तेव्हा कुठे जपानी वाचकाला कानेचं नाव नीट कळलं.

सॅटो २६ ऑगस्ट १९२९ रोजी ऑटरीत वारला. काने तीन वर्षांनी, १९३२ मध्ये. हिसायोशी १९७२ पर्यंत जगला. वीजप्रकल्पासाठी ओझेचं पठार बुडवायचा घाट घातला गेला तेव्हा त्याने विरोध केला, आणि जपानी लोक आज त्याला ‘ओझेचा जनक’ म्हणतात. पठार बुडालं नाही. २००७ पासून ते स्वतंत्र राष्ट्रीय उद्यान आहे. चुझेन्जीचं घर २००८ पर्यंत ब्रिटिश वकिलातीकडे होतं, २०१६ पासून तोचिगी प्रांताने ते लोकांसाठी खुलं केलं आहे. निक्कोला गेलात तर तिथे जा. आणि आत्मकथन हाती घेतलंत तर त्याच्या शेवटच्या पानावर पुस्तक मिटू नका. हागिहारांचे खंड जपानीत आहेत, रोजनिशीचे भाग आता इंग्रजीतही छापले गेले आहेत, आणि माणूस म्हणून सॅटो कळतो तो तिथे.